धुऱ्यावरच्या झाडांसाठी ५० सीसीच घ्या
भाऊ, धुऱ्यावरची (शेताच्या बांधावरची) बाभळं अन् वाळलेला कडुनिंब कापायला ५० सीसीची चेनसॉ घ्यावी की ६० ची, असं तुम्ही विचारलंत. माझं मत ५०, सोबत १६ इंची बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी. फांद्या छाटताना दिवसभर मशीन हातात असते, तेव्हा पाव किलोही जाणवतो. ५० सीसीतच स्टिल कंपनीची एमएस २६१ बार-चेनशिवाय ४.९ किलो, हस्कवार्नाची ५५० एक्सपी मार्क टू ५.३ किलो. ताकद दोन्हींची ३ किलोवॉट.

पण आधी तालुक्याला सर्व्हिस कोण देतो ते पाहा. माझी पहिली मशीन ऐन उन्हाळ्यात एका ऑइल पंपापायी तीन आठवडे पडून होती. पार्ट नागपूरहून यायचा होता.

वाळलेली बाभूळ चेनची धार लवकर खाते. मशीनमधून किस पडतोय तोवर ठीक. पिठासारखी पूड पडू लागली की थांबा अन् कानस काढा. कड्यांचं माप .३२५ इंच असलेल्या चेनला ४.८ मिमीची गोल कानस लागते. बुंध्याला चिकटलेली काळी माती आधी खरवडा. धुऱ्यावरच्या जुन्या झाडानं कुंपणाची तार पोटात घेतलेली असते, तीही शोधा. एकदा तारेला लागली की दातांचं वाटोळंच.

आणि कळकळीनं सांगतो, उन्हासाठी बांधलेला दुपट्टा गळ्यात लोंबता ठेवून मशीन चालू करू नका. हेल्मेट अन् पायाची सेफ्टी पँट मशीनसोबतच घ्या, पुढच्या हंगामावर ढकलू नका.