"एआयकडून करून घेतलंय, फक्त जरा मराठी बघून द्या" : याचे पैसे कसे लावता?

पेठेतला_लेखक

मंडळी, मी पुण्यात फ्रीलान्स कॉपी, म्हणजे जाहिरातींचा मजकूर, लिहितो. बहुतेक मराठी, थोडं हिंदी. क्लायंट छोटे-मध्यम: मसालेवाले, एक-दोन बिल्डर, एक पॅथॉलॉजी लॅब, दिवाळीत फराळवाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं तेव्हा त्याचं मराठी एकमेकांना पाठवून आम्ही हसायचो. आता ती सोय राहिली नाही. व्याकरण बऱ्यापैकी सुधारलंय, आणि माझी खरी अडचण तिथूनच सुरू झाली.

हल्ली ब्रीफच (काय लिहायचं त्याची माहिती) येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर थेट दोन पानं मजकूर येतो आणि खाली, "एआयकडून करून घेतलंय सर, फक्त जरा मराठी बघून द्या." रेट अर्थातच प्रूफरीडिंगचा. परवा कांदा-लसूण मसाल्याचं असंच काम आलं. 'आजीच्या हातची चव', 'मातीचा सुगंध', 'प्रत्येक घासात परंपरा'. शुद्धलेखनाची चूक औषधालाही नाही. पण ब्रँडचं नाव खोडून शेजारच्या मसाल्याचं टाकलं तरी दोन्ही मालकांना पत्ता लागणार नाही. त्यात वर 'शंभर टक्के नैसर्गिक' आणि 'रोगप्रतिकारशक्ती वाढवतो'. हे तुम्ही सांगितलं होतं का, असं विचारलं तर म्हणे, "नाही, ते त्यानेच टाकलं. छान वाटतंय ना?"

मी काही सोवळं पाळणारा नाही. क्लायंटच्या तासाभराच्या कॉलचे मुद्दे काढणं, वेबसाइटची मेटा डिस्क्रिप्शन्स (सर्चमध्ये नावाखाली दिसणारं छोटं वर्णन), असली कामं मी खुशाल त्याच्याकडून करून घेतो. मुख्य कॉपीत मात्र त्याला बसवायचं कुठे तेच जमत नाही. सुरुवातीला घेतलं तर त्याचीच चाल डोक्यात बसते आणि दिवसभर जात नाही. शेवटी घेतलं तर माझी ओळ घासूनपुसून गुळगुळीत करून परत देतं.

तर दोन गोष्टी सांगा. तुम्ही नेमकं कुठल्या टप्प्यावर वापरता? आणि 'जरा मराठी बघून द्या'चं बिल कसं करता?

जुना_खडू

ठाण्यात असतो, एजन्सीत बरीच वर्षं काढून आता स्वतंत्र. माझा नियम एकच: पहिला खर्डा त्याच्याकडून घ्यायचा नाही. त्याला लिहायला न लावता वाचायला लावायचं.

तुमचं मसाल्याचंच उदाहरण घेऊ, कारण साताऱ्याकडचा एक मसाला माझ्याकडेही होता. क्लायंटकडे आधी कच्चा माल मागितला: ग्राहकांचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, ऑनलाइन रिव्ह्यू, दुकानदारांच्या तक्रारी. नावं आणि फोन नंबर काढून टाकले (हे आधी करा, आणि सेटिंग्जमध्ये जाऊन आपला मजकूर ट्रेनिंगला वापरू देण्याचा पर्याय बंद करा, विशेषतः वैयक्तिक खातं असेल तर). मग सगळं ओतलं आणि सांगितलं, "काहीही लिहू नकोस. लोक कशाकशाबद्दल बोलतायत त्याचे वाटे कर. त्यांचे शब्द जसेच्या तसे ठेव, एकही सुधारू नकोस." एवढं बजावूनही मधेच एखादं वाक्य सजवून ठेवतंच, म्हणून मूळ मजकूर शेजारी उघडा ठेवायचा.

मला वाटलं होतं, बायका चवीबद्दल बोलत असतील. चव होतीच, पण सगळ्यात मोठा वाटा निघाला प्रमाणाचा. 'आधीचा दोन चमचे लागायचा', 'हा कमीच घाला, नाहीतर मुलं जेवत नाहीत', आणि एकीने लिहिलं होतं, 'पिठल्यात अर्धा चमचा टाकला, बास.' दुसरा वाटा तक्रारींचा: पुडी फाडली की अख्खा ओटा लाल. ती तक्रार मालकाकडे पोचवली, त्याने झिपची पिशवी केली. जाहिरातीची ओळ झाली, 'अर्धा चमचा. बास.' ती मी लिहिली असं म्हणवत नाही, त्या बाईंनीच लिहिली. मी ती उचलली आणि बाकीचं सगळं उडवून लावलं. तुमच्या त्या 'मातीचा सुगंध'वाल्या यंत्राला हे सुचत नाही, कारण त्याला आजवर सगळ्यांनी लिहिलेलं लिहायची सवय आहे, आणि मसाल्यावर आजवर सगळ्यांनी आजीच लिहिलीय.

ओळ पक्की झाली की दुसऱ्यांदा वापरतो, भांडायला. "तू वर्षाचा मसाला डंकावरून कुटून आणणारी बाई आहेस, विकतच्यावर तुझा काडीचा विश्वास नाही. या जाहिरातीत खोट काढ." निम्म्याहून जास्त शंका फालतू असतात. पण एक आली: अर्धा चमचा म्हणजे किती माणसांच्या भाजीला? बरोबर होतं. मालकाच्या घरी भाजी करून पाहिली आणि पाकिटाच्या मागे प्रमाण छापलं.

गूगलच्या सर्च जाहिरातीला १५ पर्यंत हेडलाइन देता येतात, प्रत्येकी ३० अक्षरांच्या आत. ओळ एकदा हातात आली की असली हमाली त्याच्याकडूनच करून घ्यावी.

आता तुमचं ते 'शंभर टक्के नैसर्गिक'. ते ताबडतोब काढा. एफएसएसएआयचे (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) जाहिराती आणि दाव्यांबद्दलचे २०१८ चे नियम आहेत. अनेक घटक मिसळून केलेल्या पदार्थाला थेट 'नैसर्गिक' म्हणता येत नाही. सगळे घटक निकषात बसत असतील तर फार तर 'नैसर्गिक घटकांपासून बनवलेला' म्हणता येतं. मसाला म्हणजे मिश्रणच की. जून २०२४ मध्ये त्याच एफएसएसएआयने फळांच्या रसवाल्यांना '१००% फळांचा रस' हा दावा लेबलवरून आणि जाहिरातींतून काढायला लावला. प्रतिकारशक्तीचं तर नावच नको.

साताठ_सेगमेंट

वर सगळं ब्रँडचं चाललंय, आमच्यासारख्या एसएमएसवाल्यांचंही ऐका. एआयला "१६० अक्षरांत मराठी एसएमएस दे" सांगू नका. १६० इंग्रजीला. देवनागरी आली की एका एसएमएसमध्ये ७०, आणि त्यापुढे गेलात की प्रत्येक तुकड्यात ६७च. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'स्त्री' दिसायला एक अक्षर, मोजायला सहा. ही मॉडेलं अक्षरं मोजताना चुकतात, "बरोबर ७० आहेत" असं छातीठोक सांगून ९० देऊ शकतात. एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये अक्षरं मोजणारा 'लेन' (LEN) फॉर्म्युला लावा, एवढंच.

आणि डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसचा मजकूर आधी नोंदवायची टेलिकॉम कंपन्यांची यंत्रणा) टेम्प्लेट मंजूर झाल्यावर क्लायंटला त्यात हात घालू देऊ नका. 'एआयने अजून आकर्षक केलं' म्हणून एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी मेसेज अडकतो. लिंकसुद्धा १ ऑक्टोबर २०२४ पासून आधी नोंदवलेलीच चालते.

लोणच्याची_बरणी

मी दुसऱ्या बाजूची, म्हणजे पैसे देणारी. घरगुती लोणची-मुरांबे विकते, दोन बायका मदतीला आहेत. 'जरा मराठी बघून द्या' असं मीही म्हटलेलं आहे, रागावू नका.

गणपतीपासून दिवाळीपर्यंत इन्स्टाग्रामवर रोज काहीतरी टाकावं लागतं. त्या पोस्ट मी एआयकडूनच करते आणि करत राहणार. त्यासाठी मी लेखकाला आधीही पैसे देत नव्हते, तेव्हा पोस्टच पडायच्या नाहीत. म्हणजे तुमचं ते काम कुणी हिसकावलेलं नाही, ते नव्हतंच. पण बरणीवरचं लेबल वर्षभर दुकानात उभं राहतं. त्याचे पैसे मी देते आणि घासाघीस करत नाही. (फारशी.)

आमची अडचण सांगू का? लेखक कोटेशनमध्ये 'कॉपी – इतके रुपये' एवढंच लिहितात. त्यात काय काय आलं, कळत नाही. मग दोन्ही मजकूर शेजारी ठेवले की मला फक्त एक फुकटचा आणि एक विकतचा एवढंच दिसतं. खडूदादांनी ग्राहकांचे मेसेज वाचून पुडी बदलायला लावली, हे कोटेशनमध्ये कुठल्या ओळीत बसतं?

जुना_खडू

ताई, नेमकं बोललात. मी आता तीन ओळी वेगळ्या लावतो: ग्राहकांच्या बोलण्याचा अभ्यास, लेखन आणि दाव्यांची तपासणी. तिसरी सगळ्यांत महत्त्वाची. मजकुरातला प्रत्येक दावा एका रकान्यात, त्याच्यासमोर क्लायंटने दिलेला कागद: लॅब रिपोर्ट, परवाना, मंजूर नकाशा. कागद नाही तर वाक्य नाही. एआयने लिहिलेला मजकूर 'बघायला' आला तर पहिल्या दोन ओळींचे पैसे घेऊ नका, पण तिसरीचे पूर्ण घ्या. मराठी बघायला फार वेळ लागत नाही, दावे बघायला लागतो.

पेठेतले, तुमच्याकडे बिल्डर आहेत म्हणालात. त्यांच्या मजकुरात 'स्टेशनपासून ५ मिनिटांवर' असं काही आलंय का?

पेठेतला_लेखक

आलंय ना! तळेगावच्या प्रोजेक्टमध्ये. 'एक्सप्रेसवेलगत' पण आहे. क्लायंटने फक्त गावाचं नाव आणि फ्लॅटचे आकार दिले होते. उरलेला भूगोल यंत्राचा.

जुना_खडू

मग तो भूगोल आजच काढा. रेरा कायद्याचं (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) कलम १२ बघा: जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं तर भरपाई बिल्डरच्या गळ्यात. तिथे 'यंत्राने टाकलं होतं' कुणी ऐकून घेणार नाही. आणि १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने (त्या कायद्याखालचं महाराष्ट्राचं प्राधिकरण) जाहिरातीत नोंदणी क्रमांकासोबत क्यूआर कोड सक्तीचा केलाय, नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड. एआयच्या मजकुरात कोडसाठी जागाच सोडलेली नसते, डिझायनर मग कोपऱ्यात तिकिटाएवढा चिकटवतो आणि तो स्कॅन होत नाही.

पेपरला जाहिरात देणार असाल तर अजून एक. डीटीपीवाला युनिकोडवरून श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर बदलतो तेव्हा 'ऱ्या' हमखास फुटतो. 'डोंगरदऱ्यांच्या कुशीत' असलं काही असेल तर प्रूफ स्वतः बघा. एआयला डोंगरदऱ्या फार आवडतात.

पेठेतला_लेखक

'सह्याद्रीच्या डोंगरदऱ्यांच्या कुशीत'. दुसरीच ओळ आहे!

बिल्डरला आत्ताच मेल टाकला: नोंदणी क्रमांक, क्यूआर, मंजूर नकाशा आणि स्टेशनचं मोजलेलं अंतर पाठवा, मग मजकुराला हात लावतो. सोबत तिसऱ्या ओळीचं कोटेशन. मसालेवाल्याला ग्राहकांचे मेसेज मागितलेत. तो म्हणतो, मेसेज बायकोच्या फोनवर आहेत, ती शनिवारी माहेरहून येईल.

साताठ_सेगमेंट

त्या दाव्यांच्या तक्त्याचा नमुना इथे टाका की खडूसाहेब. एसएमएसलाही तोच लावून बघतो.