मदत हवी आहे : सीएची प्रॅक्टिस सोडून वडिलांचा टॉवेल कारखाना हाती घ्यावा का? (सोलापूर)

नमस्कार. मी सोलापुरात सीए म्हणून स्वतंत्र प्रॅक्टिस करते. वय छत्तीस, पती महाविद्यालयात प्राध्यापक, एक मुलगी तिसरीत. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत माझ्या वडिलांचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. त्यात बारा साधे यंत्रमाग असून त्यांतले नऊ-दहा रोज चालतात. वडील सत्तरीकडे झुकले आहेत. धाकटा भाऊ पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि आपण परत येणार नाही हे त्याने कोणतीही कटुता न ठेवता सांगून टाकले आहे. कारखाना विकावा, माग भाड्याने द्यावेत की मी स्वतः तो चालवायला घ्यावा, हे आता ठरवायचे आहे, आणि त्यासाठी मला या वाटेने गेलेल्या किंवा विचारपूर्वक न गेलेल्या लोकांचे मत हवे आहे.

पहिल्यांदा एक खुलासा करते, कारण ‘दोन्ही एकत्र करा’ हा सल्ला मला घरातूनच अनेकदा मिळाला आहे. प्रॅक्टिसचे प्रमाणपत्र, म्हणजे सीओपी, जवळ असताना सीएला आमच्या संस्थेच्या, म्हणजे आयसीएआयच्या, परवानगीशिवाय दुसरा व्यवसाय करता येत नाही; १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्यातच तशी तरतूद आहे. कुटुंबाच्या व्यवसायात केवळ हिस्सा असेल आणि कारभारात सक्रिय भाग घ्यायचा नसेल, तर आधी परवानगी घेऊन तसे राहता येते. परंतु सूत खरेदीपासून वसुलीपर्यंत सगळे मी पाहणार असेन, तर मला ‘सक्रिय नाही’ असे लिहून देता येणार नाही, आणि द्यायचेही नाही. म्हणजे सीओपी परत करावे लागेल. संस्थेचे सभासदत्व राहील आणि पुढे कधी प्रमाणपत्रासाठी पुन्हा अर्जही करता येईल. पण क्लायंट तोपर्यंत थांबून राहत नाहीत. माझ्याकडे आर्टिकलशिप करणाऱ्या दोन मुलींची सोयही दुसरीकडे लावून द्यावी लागेल.

प्रॅक्टिसमधून कार्यालयाचा खर्च वजा जाता वर्षाला साधारण चौदा लाख रुपये हाती राहतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात झोप उडते, विवरणपत्रांच्या मुदती आणि जीएसटीच्या नोटिसा वर्षभर पाठ सोडत नाहीत, पण गेली काही वर्षे हे उत्पन्न कधी खाली आलेले नाही. कारखान्याच्या नफा-तोटा पत्रकात मागील वर्षी सहा लाखांच्या आसपास नफा दिसतो. तो दिसतो, एवढेच म्हणेन. वडील सकाळी आठपासून तिथे असतात, त्यांचा पगार कुठे लिहिलेला नाही; जागा दीर्घ भाडेपट्ट्याने त्यांच्याच नावावर असल्याने भाडे धरलेले नाही. या दोन्ही गोष्टी बाजारभावाने धरल्या तर नफा जवळजवळ उरत नाही. क्लायंटच्या बाबतीत हे निरीक्षण मी पाच मिनिटांत नोंदवले असते; वडिलांसमोर मांडायला मला बराच काळ लागला.

त्यामुळे कारखाना आहे तसाच चालवण्यात अर्थ नाही, याविषयी माझ्या मनात शंका नाही. विचार आहे तो चार रेपियर माग (धोट्याशिवाय विणणारे, वेगवान) बसवण्याचा आणि रंगीत सुताच्या घरगुती टॉवेलवरून हॉटेलांना लागणाऱ्या पांढऱ्या, जड, रोजच्या धुलाईत टिकणाऱ्या टॉवेलकडे वळण्याचा. हॉटेलांना माल देणाऱ्या पुण्यातील एका पुरवठादाराने नमुन्याचा माल दुसऱ्या कारखान्यातून विणून घेऊन तपासला आहे आणि त्याला तो पसंत पडला आहे. माग, वायरिंग, बीम आणि इतर साहित्य धरून सुमारे ऐंशी लाखांचे दरपत्रक आले आहे; त्यातले साठ लाख बँकेचे कर्ज असेल. आमच्या मागांचा एकूण वीजभार आज २७ अश्वशक्तीच्या आत आहे, तो नव्या मागांमुळे त्याच्या वर जाईल आणि वीजदराच्या सवलतीचा गट बदलेल, हेही हिशेबात धरले आहे. पीएमईजीपीचे, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे, अनुदान घ्या असे अनेकजण सुचवतात. ती योजना नव्या उद्योगासाठी आहे आणि उत्पादनात प्रकल्पाची मर्यादा ५० लाखांची आहे. जुनाच कारखाना माझ्या नावाने ‘नवा’ दाखवण्याची युक्तीही एका दलालाने सांगितली. ती इथे कृपया कोणी पुन्हा सुचवू नये.

कागदावर हे सगळे जमते. आजच्या सुताच्या दराने हप्ता आणि व्याज यांच्या सुमारे १.६ पट रक्कम वर्षाला हाती येते, म्हणजे कोणतीही बँक कर्ज देईल. मात्र सूत किलोमागे दहा रुपयांनी महागले आणि ठरलेल्या दरामुळे ती वाढ वर्षभर मालावर टाकता आली नाही, तर हेच प्रमाण एकाच्या खाली जाते आणि हप्ता प्रॅक्टिसच्या शिलकीतून भरावा लागतो. सुताच्या दरात दहा रुपयांचा फरक पडणे किती सामान्य आहे, हे सोलापूरकरांना मी सांगायला नको.

तरीही मला खरी भीती सुताची नाही, उधारीची आहे. सूत रोखीने किंवा फार तर पंधरा दिवसांच्या मुदतीने घ्यावे लागते. विणून, धुलाई-प्रक्रिया करून, शिलाई आणि पॅकिंग होऊन माल बाहेर पडायला महिना जातो, आणि पैसे तीन महिन्यांनी येतात, तेही सगळे एकदम येतील असे नाही. नव्या क्षमतेने माग चालले तर मागांत जेवढा पैसा गुंतेल जवळपास तेवढाच या चक्रात कायम अडकून राहील, आणि बँकेकडे मांडायच्या प्रकल्प अहवालात ही बाजू नेहमीच कमी करून दाखवलेली असते. (असे अहवाल मी दुसऱ्यांसाठी तयार केलेले आहेत, म्हणून सांगते.) माग मोडीत काढला तरी त्याला काही किंमत येते, बुडालेल्या उधारीला काहीच येत नाही. वडिलांच्या वहीत अशी काही जुनी नावे आहेत, जी दर पाडव्याला नव्या वहीत पुढे ओढली जातात.

कायदा आपल्या बाजूचा आहे हे मान्य. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात आणि उशिरावर बँक दराच्या तिप्पट व्याज लागते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकर कायद्यातील ४३बी(एच) ही तरतूद लागू झाल्यावर सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत करातून वजा मिळत नाही. त्याचा परिणाम मी क्लायंटकडे दोन्ही बाजूंनी पाहिला : मार्चअखेरीस काहींची थकबाकी पटकन आली, आणि काहींना ‘उद्यम नोंदणी (एमएसएमई म्हणून असलेली सरकारी नोंदणी) रद्द करा, नाहीतर माल दुसऱ्याकडून घेऊ’ असे ऐकावे लागले. चाटी गल्लीतल्या व्यापाऱ्याविरुद्ध तक्रार दाखल करून पुढच्या हंगामात त्यालाच माल कसा विकायचा, याचे उत्तर कायद्यात नाही.

निर्यातीचा मार्ग सुचवणाऱ्यांसाठी एवढेच लिहिते की ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावले तेव्हा निर्यात करणाऱ्या दोन क्लायंटच्या ऑर्डरी तयार माल गोदामात असताना थांबल्या होत्या. पहिली काही वर्षे मला त्या वाटेला जायचे नाही.

आता घरातली अडचण. कारखाना माहेरचा आहे आणि तारण द्यायचे घर सासरचे. पतींची तयारी आहे, सासूबाई काही बोललेल्या नाहीत, आणि त्यांचे न बोलणे मला होकार वाटत नाही. सरकारी हमी योजनेतून तारणाशिवाय कर्ज मिळू शकते, तरी माझी वैयक्तिक हमी राहणारच. भावाचा हिस्सा आधी लेखी ठरवल्याशिवाय मी एक रुपयाही गुंतवणार नाही, हे मात्र पक्के आहे. तोट्यात कोणी वाटा मागत नाही, नफा दिसला की सगळ्यांना आठवतो.

वडिलांचे म्हणणे माझ्या उलट आहे. आजोबा जुन्या मिलमध्ये कामाला होते. त्या काळी मिलची नोकरी म्हणजे जन्माची भाकरी असे मानत. मिल बंद पडली आणि घर चालले ते त्यांनी उसनवारीने घेतलेल्या दोन मागांवर. त्यामुळे ‘तुझी प्रॅक्टिस पक्की आहे हे तुला कोणी सांगितले?’ असे ते विचारतात. विवरणपत्रे भरण्याचे बरेचसे काम संगणक करू लागला असताना हा प्रश्न मला सहज झटकता येत नाही. शिवाय खरे सांगायचे तर मला त्या कारखान्यात काम करायला आवडते, आणि या आवडीमुळे आकड्यांकडे मी जरा उदारपणे पाहत असेन अशी शंका मला स्वतःलाच आहे.

एक मधला मार्ग डोळ्यांसमोर आहे. पहिले वर्षभर माग न घेता पुण्याच्या ऑर्डरी इतरांच्या रेपियरवर मजुरीने विणून घ्यायच्या, कारभार वडिलांच्याच नावे आणि त्यांनी नेमलेल्या व्यवस्थापकाच्या हाती ठेवायचा, मी प्रॅक्टिस चालू ठेवायची, आणि पुरवठादार खरोखर किती दिवसांत पैसे देतो हे पाहायचे. यात नफा फारच थोडा राहील आणि चांगला व्यवस्थापक मिळणे हीच मोठी अडचण आहे. मागांची देखभाल-दुरुस्ती करणारा जाणता जॉबरसुद्धा आजकाल टिकत नाही.

सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव किंवा भिवंडीत ज्यांनी साध्या मागांवरून रेपियरकडे जाताना कर्ज काढले, त्यांनी उधारीसाठी प्रत्यक्षात किती महिन्यांचे भांडवल बाजूला ठेवले होते आणि ते पुरले का, हे कृपया सांगावे. हॉटेलांना थेट किंवा पुरवठादारामार्फत माल देणाऱ्यांना आगाऊ रक्कम मिळवता आली का, हेही जाणून घ्यायचे आहे. कोणा सीए, डॉक्टर किंवा वकिलाने चालू प्रॅक्टिस सोडून घरचा उद्योग घेतला असेल, तर किती तोट्यानंतर थांबायचे हे त्यांनी आधी ठरवले होते का, आणि ती वेळ आल्यावर खरोखर थांबता आले का? मी तो आकडा वीस लाख धरला आहे. तो कमी आहे की जास्त, यावर मतभेद असतील तर अवश्य लिहावेत. ‘मनाचे ऐका’ या सल्ल्याबद्दल आगाऊ आभार, परंतु मन काय म्हणते ते मला माहीत आहे. दरपत्रकाची मुदत महिनाअखेरीस संपते, आणि वाढवून घेतल्यास दर बदलेल असे विक्रेत्याने कळवले आहे.