थोरलीचा त्याग आणि धाकटीचा राग

दोघी बहिणींचे मन एकाच पुरुषावर जडल्यास थोरलीने माघार घ्यावी, हा निव्वळ कथाकारांच्या सोयीचा साचा आहे, हे काहींचे मत मला अर्धेच पटते. थोरलीआधी धाकटीचे लग्न होणे धर्मशास्त्राने सदोष मानले होते आणि अशा धाकटीसाठी ‘अग्रेदिधिषू’ असा स्वतंत्र शब्दही होता. त्यामुळे थोरलीने मन आवरून भागत नसे, तर धाकटीची वाट मोकळी व्हावी म्हणून तिला आधी दुसऱ्या कुणाशी तरी लग्न उरकावे लागे. (मुंबई इलाख्यात १९४६ साली द्विभार्याप्रतिबंधक कायदा येईपर्यंत दोघींना एकाच घरी देण्याचा मार्ग कायद्याने बंद नव्हता, ती गोष्ट निराळी.)

माझ्या आजोळी, सदाशिव पेठेतल्या वाड्यात, असेच घडले. समोरच्या बिऱ्हाडातल्या तरुणाकडे धाकटीचाही ओढा आहे हे ओळखून थोरल्या मावशीने सांगून आलेल्या पहिल्याच स्थळाला होकार दिला आणि ती सोलापूरला गेली. घरात तिच्या मोठेपणाचे कौतुक पुढे कित्येक वर्षे चालले. धाकटी मावशी मात्र, खरे कारण कानावर आल्यावर, कृतज्ञ होण्याऐवजी संतापली, आणि मला तो संताप रास्त वाटतो: तिला न विचारता तिच्या संसारावर हे ऋण चढवले गेले होते. त्यानंतर दर दिवाळीला थोरली माहेरी आली, की धाकटी नवऱ्याला काही ना काही निमित्त काढून बाहेर धाडत असे.