मदत हवी आहे: 'बघू' म्हणणाऱ्या घरमालकाला किती वेळा विचारावं?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात साखर पेठेत एक जुनं घर घ्यायचंय. पुढं दोन खोल्या, मागं यंत्रमागाची शेड. माग कधीचेच बंद, वर फाटक्या चादरी टाकलेल्या. पुढं गाळा काढून भाड्यानं द्यायचा विचार आहे. मालक वारलेत, कारभार थोरल्या मुलाकडं. सगळे त्यांना अण्णा म्हणतात.

मागच्या दिवाळीनंतर पहिल्यांदा गेलो. अण्णांनी चहा पाजला, भाव काही सांगितला नाही. 'गड्डा होऊ द्या, मग बघू.' गड्ड्याची जत्रा झाली, तर 'पोरीची परीक्षा होऊ द्या.' मग 'आषाढात नको.' वहीत तारखा लिहून ठेवल्यात, 11 फोन आणि 4 चकरा. 'नाही' मात्र एकदाही म्हणाले नाहीत.

सोडून द्यावं तर आधी एकदा पोळलोय. जुळे सोलापुरात एक प्लॉट दोनदा विचारून गप्प बसलो होतो. चार महिन्यांनी बघतो तर पायाचे खड्डे! मालक म्हणाले, 'तुम्ही परत फिरकलाच नाही की ओ.' आणि गेला तोही मला सांगितलेल्या भावापेक्षा कमीतच.

बायको म्हणते, सारखं विचारलं की भाव चढवतील. तेही खरंच. मग किती दिवसांनी विचारावं? 50 हजार इसार देऊन ठेवू का?

प्रतिसाद १

इसार अजिबात नको! मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) नाव कुणाचं आहे? ऑनलाइन निघते, आधी ती काढा. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर बहिणींचा हिस्सा भावांइतकाच, आई असेल तर तिचाही. एकट्या अण्णांच्या सहीनं काय होणार? माझ्या मते गाडी तिथंच अडकलीय, किमतीवर नाही. 'ठरलं का?' असा रिकामा फोन करू नका. पत्रिकेची प्रत घेऊन जा, वारस नोंदीच्या अर्जाला मदत करतो म्हणा. महिन्यातून एकदा, पण समक्ष.

धागाकर्ता

दोन बहिणी आहेत, एक भिवंडीला. परवाच अण्णा म्हणाले, 'ताई गणपतीला येणारंय, तेव्हा बघू.' मी वहीत तेही बहाण्यांतच लिहिलं होतं! पत्रिका आजच काढतो. भिवंडीच्या ताईंशी मी स्वतः बोलावं, की अण्णांनाच बोलू द्यावं?