कोर्स सुधारला आणि पूर्ण करणारे घटले. आता याला काय म्हणायचं?

गणितगोष्टी
एका कॉलेजसाठी मी पायाभूत संख्याशास्त्राचा 8 आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स चालवते. यंदा तो उकलून पुन्हा बांधला, तोही एका प्रश्नापायी: 'सगळ्या आकड्यांत 5 मिळवले तर प्रमाण विचलनाचं काय होईल?' निम्म्याहून जास्त पोरांचं उत्तर, '5 ने वाढेल.' (काहीच होत नाही. प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप. आकडे सगळे एकदम सरकतात, पसारा तेवढाच राहतो.) हे मी 40 मिनिटांच्या व्हिडिओत एकदा सांगितलं होतं, नेमकं कुठे ते माझं मलाच शोधावं लागलं. त्या बॅचचे अभिप्राय मात्र 'खूप छान मॅडम'.

मग प्रश्न आधी ठेवला, व्हिडिओ नंतर. नुसते पर्याय निवडायचे नाहीत, दहा आकडे स्वतः एक्सेलसारख्या शीटमध्ये भरून, बदलून बघायचे. महिन्याभराने तीच गोष्ट वेगळ्या उदाहरणातून विचारली, बहुतेकांना जमली. पण कोर्स पूर्ण करणारे घटले, आणि विभागप्रमुखांच्या मते मी चालू गाडीचं इंजिन खोललं. माझं म्हणणं, किती जणांनी पूर्ण केला यावर कोर्स जोखणंच चूक आहे.

स्पॉक_सर
साफ असहमत. मी कॉलेजात एनपीटीईएलचं, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सांचं, काम बघतो. 2016 साली यूजीसीने स्वयमवरून (हे कोर्स जिथे चालतात ते सरकारी व्यासपीठ) 20 टक्के क्रेडिट, म्हणजे पदवीला धरले जाणारे श्रेयांक, घ्यायला मुभा दिली, 2021 साली ती 40 टक्क्यांपर्यंत नेली. म्हणजे कोर्स अर्धवट सुटला तर पोराचं गुणपत्रक अडतं. ज्यांना हौस म्हणून शिकायचंय त्यांची गोष्ट वेगळी.

शिवाय मॅडम, तुमच्या हिशेबात भोक आहे. कच्ची पोरं सोडून गेली, उरलेल्यांना प्रश्न आला. येणारच! गाळणीवर जे राहिलं त्याचं वजन करून पीक चांगलं आलं असं कसं म्हणता?

गणितगोष्टी
हे बरोबर बोललात, लागलं. आता पुन्हा मोजते: नाव नोंदवलेल्यांपैकी किती जणांना महिन्याभराने तो प्रश्न आला, गेलेले धरून.

वाडीवरची_बाई
प्राथमिक शिक्षिका आहे. ऑनलाइन प्रशिक्षणं इतकी केली की प्रमाणपत्रांची फाइल फुगली. एकात व्हिडिओ संपेपर्यंत 'पुढे' बटण उमटायचंच नाही. मग फोन ओट्यावर ठेवून भाकऱ्या थापायच्या, आवाज थांबला की बटण दाबायचं. त्या कोर्सची पूर्ण करणाऱ्यांची आकडेवारी अगदी झकास असणार बघा.

रिकामटेकडा
भाकरी तरी टम्म फुगली ना? मग शिक्षण वाया नाही.

उपयोजक_पुणे
मूळ रोग व्हिडिओची लांबी. 2014 साली एडएक्स या ऑनलाइन कोर्सांच्या संकेतस्थळावरच्या 4 कोर्सांची, व्हिडिओ बघितल्याच्या जवळपास 69 लाख नोंदींची तपासणी झाली होती. व्हिडिओ कितीही लांब असो, लोक साधारण 6 मिनिटांच्या पुढे टिकत नाहीत असं दिसलं. तुकडे करा, विषय संपला.

जुना_मास्तर
विषय संपत नाही साहेब. तो निबंध मीही वाचलाय. त्यातच म्हटलंय की वर्गातलं व्याख्यान चित्रित करून मागाहून चिरलं तर ते तितकं धरून ठेवत नाही. आणि छोटे व्हिडिओ मुळातच जास्त विचार करून बनवलेले असू शकतात, हेही लेखकांनी कबूल केलंय. म्हणजे करामत कात्रीची नाही, आधीच्या आखणीची. द्रवगतिशास्त्रातली एखादी सिद्धता 25 मिनिटं मागते. ती चार ठिकाणी तोडली तर पोराला चार तुकडे पाठ होतील, सिद्धता कळणार नाही. स्वतः किती मिनिटं रील बघतो ते माणूस मोजत नाही, सिद्धतेची मात्र मोजतो.

उपयोजक_पुणे
रील मध्ये आणायची गरज नव्हती. पण आखणीचा मुद्दा मान्य. 25 मिनिटांत मध्ये थांबून दोनदा प्रश्न तरी विचारा, एवढंच म्हणतो.

स्पॉक_सर
मूळ मुद्द्यावर या. पोरं टिकवायची तर थोडी सैल दोरी लागते. एनपीटीईएलच्या 12 आठवड्यांच्या कोर्सला 12 पैकी उत्तम 8 असाइनमेंट धरतात. त्यांचं वजन 25 टक्के, केंद्रावर बसून दिलेल्या परीक्षेचं 75. घरात लग्न निघालं, ताप आला, दोन आठवडे बुडाले तरी पोरगं बाद होत नाही. मॅडम, तुमच्याकडे एक आठवडा चुकला तर काय?

गणितगोष्टी
पुढचा उघडत नाही. मुद्दाम तसं ठेवलंय, पाया कच्चा राहू नये म्हणून.

स्पॉक_सर
झालं तर मग. गळती कितव्या आठवड्यात?

गणितगोष्टी
बहुतेक दुसऱ्या. शीटचं काम तिथेच सुरू होतं.

वाडीवरची_बाई
त्यांना फोन केलात का एकदा? आकडे बघत बसण्यापेक्षा सहा जणांना विचारा.

गणितगोष्टी
(चार दिवसांनी) सहांना केला, पाच जणांनी उचलला. दोघांना विषयच नको होता, मित्राने नाव घातलं म्हणून आले होते. तिघांकडे लॅपटॉप नाही. मोबाइलवर शीट उघडायची, पण रकाना निवडायला गेलं की पानच सरकायचं. एक मुलगी म्हणाली, तिने दहा आकडे वहीवर मांडून उत्तर काढलं होतं, बरोबर काढलं होतं, पण ते द्यायचं कुठे ते सापडलं नाही. मी सगळी चाचणी माझ्या टेबलावरच्या मोठ्या स्क्रीनवर घेतली होती.

स्पॉक_सर
म्हणजे मी म्हणत होतो तेच.

गणितगोष्टी
अर्धंच. पूर्ण करणाऱ्यांचा आकडा घसरला एवढंच तुम्ही सांगत होतात, मोबाइलचं त्यात कुठे होतं? वहीचा फोटो पाठवायची सोय या आठवड्यात टाकते. पुढचा आठवडा बंद ठेवण्याचं कुलूप मात्र मी काढणार नाही.

स्पॉक_सर
कुलपावर दुसरा धागा काढतो.