निदानाचा कोड नोंदीतल्या वाक्याला जोडलेला असावा का?

रात्रपाळी (धागा सुरू करणारे):
काल एका रुग्णाच्या आजारांच्या यादीत मधुमेह दिसला. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीतला ई११. साखर मात्र नॉर्मल. जुन्या नोंदी उपसल्यावर वाक्य सापडलं: "आईला मधुमेह." कुणीतरी एवढा शब्द वाचून कोड लावला होता. घराण्यात मधुमेह असेल तर झेड८३.३ हवा. म्हणून माझं ठाम मत, कोड सुटा साठवूच नये. ज्या शब्दांवरून लावला ते शब्द, तारीख आणि लिहिणाऱ्याचं नाव त्याला जोडलेलं हवं. कोडवर क्लिक केलं की वाक्य समोर.

ओपीडीवाली:
मला पटत नाही. स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञांच्या कोडसंग्रहात साडेतीन लाखांच्या आसपास संकल्पना आहेत. वाक्य निवडा, कोड शोधा, जोडा, तोवर पुढचा रुग्ण खुर्चीत बसलेला असतो. घाईत हात यादीतल्या पहिल्या पर्यायावर जातो. मला रुग्णाकडे बघून मोकळं लिहू द्या, कोडचं काम कोडर करतील.

रात्रपाळी:
कोडरनीच करावं. पण कशावरून केलं ते मला दिसू दे. काल तेच दिसत नव्हतं, त्यात अर्धा तास गेला.

शब्दखूण:
मी हीच सॉफ्टवेअरं बनवतो. जोडणी यंत्राने सुचवावी, माणसाने होकार द्यावा. इंग्रजी नोंदींतला नकार ओळखायला नेगेक्स ही पद्धत २००१ पासून आहे. "छातीत दुखत नाही, पण धाप लागते" यातला नकार "पण"पाशी थांबतो, हे यंत्राला शिकवावं लागतं. नाहीतर धापही पुसली जाते.

पडताळणी:
माझा विरोध वेगळ्या कारणाने. नोंदी कॉपी-पेस्ट होतात. तीन वर्षांपूर्वीचं वाक्य आजच्या तारखेने उभं राहतं आणि तुमची जोडणी त्यालाच पुरावा म्हणते. शिवाय संशोधनाला माहिती देताना वाक्यात रुग्णाचं नाव-गाव असतं. सुटा कोड तरी त्यातून वाचवतो.

रात्रपाळी:
दुसरा मुद्दा मान्य. बाहेर फक्त कोड जावा, वाक्य रुग्णालयातच राहावं. कॉपी-पेस्टवर मात्र मूळ वाक्य पहिल्यांदा कधी लिहिलं ती तारीखच जोडावी.

ओपीडीवाली:
आणि मी उद्या ते वाक्य दुरुस्त केलं तर? कोड तसाच राहणार?

रात्रपाळी:
नाही. जोडणी नोंदीच्या त्या आवृत्तीशी असावी. वाक्य बदललं की कोडवर "पुन्हा तपासा" अशी खूण यावी आणि तुम्ही होकार देईपर्यंत ती हटू नये.