कोजागिरीचा चित्रपट आणि आबांची हरकत

सचिव: सोसायटीच्या सर्व सभासदांना कळविण्यात येते की, कोजागिरीला गच्चीवर दाखवलेल्या प्रेमविनोदी चित्रपटासाठी नेलेल्या खुर्च्या खाली आणून झाल्या आहेत. पुढच्या महिन्यात पुन्हा पडदा लावायचा का आणि लावल्यास कोणता चित्रपट दाखवायचा, याविषयी आपली मते येथेच मांडावीत.

आबा (ए-१०४): माझी हरकत नोंदवून घ्यावी. मध्यंतरानंतर मी दूध आटवायला पातेल्याजवळ बसलो होतो आणि पडद्याकडे माझी पाठ होती. तरीही आता यांचा गैरसमज होईल, आता ती दुसऱ्याशी लग्नाला उभी राहील, आता हा धावत सुटेल, असे मी शेजारच्या पोरांना सांगत गेलो आणि तिन्ही गोष्टी त्याच क्रमाने घडल्या. ज्या गोष्टीचा शेवट पाठ फिरवूनही कळतो, तिच्यासाठी प्रोजेक्टरचे भाडे कशाला भरायचे?

मॅडम (बी-३०२): आबा, शेवट ठाऊक असणे हा दोष मानला, तर आपली संगीत नाटकेही बाद करावी लागतील. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ १८८२ मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हा सुभद्रा अखेर अर्जुनाचीच होणार हे महाभारत ऐकलेल्या प्रत्येकाला माहीत होते. बलरामाने दुर्योधनाला दिलेला शब्द, यतीच्या वेषात घरात शिरलेला अर्जुन आणि पडद्याआडून सूत्रे हलवणारा कृष्ण, हे सगळे पाहिले की ठरलेला दुसरा नवरा, वेषांतर आणि मदतीला धावणारा चतुर नातेवाईक या परवाच्या चित्रपटातल्या युक्त्या आपल्याकडे किती जुन्या आहेत ते कळते. लग्न कोणाशी होणार हे माहीत असूनही लोक येत, कारण ते जमवतात कसे हे त्यांना पाहायचे असे.

वकील काका (सी-२०१): मॅडमच्या म्हणण्यात एक भर घालतो. या प्रकारात खरी कसोटी शेवटाची नसून अडथळ्याची असते, कारण दोघांना एकमेकांपासून दोन तास दूर ठेवायचे आणि ते प्रेक्षकाला पटवायचे, हे लेखकाचे मुख्य काम आहे. ‘इट हॅपन्ड वन नाइट’ हा १९३४ चा अमेरिकी चित्रपट घ्या. बापाच्या तावडीतून पळालेली लक्षाधीशाची मुलगी आणि नोकरी गमावलेला बातमीदार बसच्या प्रवासात भांडत भांडत जवळ येतात, आणि एकाच खोलीत रात्र काढायची वेळ येते तेव्हा तो दोन खाटांच्या मध्ये दोरी बांधून त्या दोरीवर घोंगडी टाकतो. तेवढ्या एका घोंगडीवर अख्खा चित्रपट तोलला आहे. शेवटी मुलीच्या बापाकडे तो मोठ्या बक्षिसाऐवजी प्रवासखर्चाचे फक्त ३९ डॉलर ६० सेंट मागतो आणि तिथेच बाप त्याला ओळखतो. त्या चित्रपटाला उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री व पटकथा असे पाचही प्रमुख ऑस्कर मिळाले. त्याच वर्षीच्या जुलैपासून हॉलीवूडमध्ये पडद्यावर काय दाखवू नये हे ठरवणाऱ्या नैतिक संहितेची कडक अंमलबजावणी सुरू झाली, त्यामुळे जवळीक दाखवणे अवघड झाले आणि त्यानंतरच्या अनेक चित्रपटांत नायक-नायिकेची खणखणीत शाब्दिक जुगलबंदीच प्रेमप्रसंगाचे काम करू लागली.

मॅडम (बी-३०२): पैशाचा अडथळा आपल्याकडे त्याहून जुना आहे. खाडिलकरांच्या १९११ च्या ‘मानापमाना’त श्रीमंत भामिनी गरीब धैर्यधराला झिडकारते, मग वनमाला बनून त्याच्याच छावणीत जाते, आणि पैसेवाला लक्ष्मीधर मात्र हसण्यावारी जातो.

सी-२०१ ची धाकटी: सर्वांची क्षमा मागून एक मत मांडते. भांडण चालेल, वेषांतर चालेल; पण मुलीने स्पष्ट नकार दिल्यावरही नायक महिनोन् महिने तिच्या मागे फिरतो आणि शेवटी तीच विरघळते, ही रीत परवा गच्चीवर सगळे हसत होते तेव्हाही मला हसू आणत नव्हती. बसस्टँडवरून कॉलेजपर्यंत चालत जाणाऱ्या मुलीला हा प्रसंग मध्यंतरापर्यंत सोसून भागत नाही.

वकील काका (सी-२०१): तिचे बरोबर आहे. २०१३ च्या दुरुस्तीने असा पाठलाग दंड संहितेच्या कलम ३५४-ड खाली स्वतंत्र गुन्हा ठरला आणि आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. लेखकांना अडथळा सुचत नाही, तेव्हाच ते चिकाटीचा आधार घेतात, असे माझे निरीक्षण आहे.

आबा (ए-१०४): आणि गैरसमजाचे काय? एक फोन लावला तर मिटेल अशा गोष्टीवर चित्रपटाचा शेवटचा अर्धा तास काढतात. परवा तर त्याच्या मोबाइलची बॅटरीच नेमकी त्या वेळी संपली.

सचिव: धावण्याविषयी माझे स्वतंत्र मत आहे. नायक गाडी गाठायला धावतो, पण आपल्या जळगाव स्थानकात गाडी एक-दोन मिनिटे थांबते, तेवढ्यात जिना चढून, डबा शोधून मनातले बोलणे शक्य नाही. नायकाने सरळ मोटारसायकलने भुसावळ गाठावे, तिथे गाडी बराच वेळ उभी असते.

काकू (ए-२०३): विनोद पुरे. त्या दुसऱ्या मुलाकडे कोणी पाहिले का? कपडे घेतले, पत्रिका वाटल्या, पाहुण्यांसाठी वरण-बट्टीचा बेत ठरला आणि मुलगी मांडवातून निघून गेली. बिचारा दुष्ट नव्हता, रागीटही नव्हता; जरा कंटाळवाणा होता, एवढाच त्याचा गुन्हा. पूर्वीचे लेखक निदान त्याला दुर्योधन तरी करत, म्हणजे बघणाऱ्याच्या जिवाला लागत नसे.

मॅडम (बी-३०२): काकू, तुमचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. म्हणूनच ‘मुंबई-पुणे-मुंबई’ हा २०१० चा चित्रपट पुढच्या वेळी दाखवावा, असे सुचवते. नकार द्यायचे ठरवूनच मुलगी मुंबईहून पुण्याला स्थळ पाहायला येते आणि एका अनोळखी मुलाबरोबर दिवसभर हिंडते. दोघांची नावेसुद्धा आपल्याला कळत नाहीत. तिथे मांडवात ताटकळत राहिलेला दुसरा नवरा नाही, अडथळा आहे तो दोघांच्या स्वभावात आणि हट्टात. कांदेपोह्यांचा कार्यक्रम ज्या घरांत अजून होतो, तिथे हा अडथळा समजावून सांगावा लागत नाही.

सचिव: सूचना नोंदवली आहे. आबांची हरकत कायम आहे का?

आबा (ए-१०४): शेवटी काय होते ते कोणीही सांगू नये, मला ते आत्ताच कळले आहे, तरीही सांगू नये. फक्त या वेळी मध्यंतरानंतर दूध दुसऱ्या कोणी तरी आटवावे.